विश्लेषण : दीर्घिका समूहांची खानेसुमारी करणारे जॉर्ज एबल कोण होते?

हबल दुर्बिणीने टिपलेला ‘एबल ३७०’, जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला ‘एबल २७४४’... अवकाशाची अशी छायाचित्रे मोबाइलवर अनेकांनी पाहिली असतील. या नावांतील एबल म्हणजे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबल. संगणक हाताशी नसताना, काचेच्या शेकडो फोटोप्लेट भिंगाखाली तपासून त्यांनी दीर्घिकांच्या २,७१२ समूहांची यादी तयार केली. ती यादी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. ती कशी तयार झाली, तिच्यावरून वाद का झाला आणि पुण्यातील संशोधनाशी तिचा काय संबंध, हे समजून घेऊ.

सुरुवात कशी झाली?

जॉर्ज एबल यांचा जन्म १ मार्च १९२७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. याच शहरातील ग्रिफिथ वेधशाळेत आकाश पाहायला येणाऱ्या लोकांना माहिती देणारे मार्गदर्शक म्हणून त्यांनी उमेदवारी केली. खगोलशास्त्र सामान्य माणसाला समजेल असे सांगण्याची सवय तिथे लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि १९५७ मध्ये पीएचडी असे त्यांचे सगळे उच्च शिक्षण कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे कॅलटेकमध्ये झाले.

ते विद्यार्थी असताना कॅलटेकच्या पालोमार वेधशाळेत एक मोठे काम सुरू होते. संपूर्ण उत्तर आकाशाचे आणि दक्षिण आकाशाच्या काही भागाचे पद्धतशीर छायाचित्रण करायचे होते. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने त्यासाठी पैसा दिला होता. या कामावरील प्रमुख निरीक्षकांपैकी एक म्हणून एबल यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पालोमार सर्वेक्षण काय होते?

१९४९ मध्ये सुरू झालेले हे सर्वेक्षण १९५०च्या दशकात पूर्ण झाले. त्यासाठी ४८ इंची श्मिट दुर्बीण वापरली गेली. शेजारची २०० इंची हेल दुर्बीण आकाशाचा अगदी छोटा तुकडा खोलवर पाहत असे. श्मिट दुर्बिणीचे वैशिष्ट्य याच्या उलट होते. तिच्या १४ इंची चौरस काचेच्या प्लेटवर एका वेळी साडेसहा अंश रुंदीचे आकाश मावत असे. म्हणजे पौर्णिमेचे १३ चंद्र एका ओळीत ठेवता येतील एवढे.

प्रत्येक भागाची दोन छायाचित्रे घेतली जात, एक निळ्या प्रकाशाला आणि दुसरे लाल प्रकाशाला संवेदनशील असलेल्या प्लेटवर. श्मिट दुर्बिणीत प्रतिमा सपाट नव्हे, तर वक्र पृष्ठभागावर उमटते. त्यामुळे पातळ काच साच्यात किंचित वाकवून बसवावी लागे. छायाचित्र घेताना निरीक्षकाने मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून दुर्बीण हाताने नेमकी राखायची असे. वारा, ढग किंवा क्षणभराचे दुर्लक्ष, कशानेही प्लेट वाया जाई.

या प्लेट तपासताना अनपेक्षित गोष्टीही हाती लागत. १९५५ मध्ये रॉबर्ट हॅरिंग्टन आणि एबल यांना एक धूमकेतू सापडला. तो आज ‘हॅरिंग्टन-एबल’ नावाने ओळखला जातो. आपल्या आकाशगंगेच्या दूरच्या भागातील काही अंधूक तारकागुच्छही एबल यांनी शोधले. मात्र त्यांनी पीएचडीसाठी निवडलेला विषय होता दीर्घिकांचे समूह.

दीर्घिका समूह म्हणजे काय?

आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका आहे. अशा शेकडो, कधी हजाराहून अधिक दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकमेकींशी बांधल्या जातात, तेव्हा त्याला दीर्घिका समूह म्हणतात. विश्वातील गुरुत्वाने बांधलेल्या रचनांमध्ये या सर्वांत मोठ्या मानल्या जातात.

१९३३ मध्ये कॅलटेकमधीलच स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेला कोमा समूह अभ्यासला होता. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या जोरावर हा समूह एकत्र टिकणे शक्य नव्हते. न दिसणारे बरेच द्रव्य तिथे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. समूह किती आहेत, कुठे आहेत आणि किती वजनदार आहेत, यावरून विश्वात एकूण द्रव्य किती, याचा अंदाज येतो. पण त्यासाठी आधी समूहांची विश्वासार्ह यादी हवी. एबल यांच्यापूर्वी संपूर्ण उत्तर आकाशाची अशी यादी नव्हती.

समूह ओळखण्यात अडचण काय होती?

रात्री घाटातून खाली पाहिले, की दिव्यांचे पुंजके दिसतात. त्यातला एखादा पुंजका खरोखर एक गाव असतो. एखादा मात्र जवळच्या वाडीचे चार दिवे आणि त्यामागच्या दूरच्या गावाचे दहा दिवे एका रेषेत आल्याने तयार झालेला असतो. छायाचित्रात खोली कळत नाही.

आकाशाचेही तसेच आहे. प्लेटवर दीर्घिकांची गर्दी दिसली, तरी त्यातील काही दीर्घिका जवळच्या आणि काही फार दूरच्या असू शकतात. प्रत्येक दीर्घिकेचे अंतर काढायचे, तर तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन ताम्रसृती मोजावी लागते. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश वर्णपटाच्या लाल टोकाकडे सरकलेला असतो. त्या काळी एका अंधूक दीर्घिकेच्या वर्णपटासाठी मोठ्या दुर्बिणीचा तासन् तास वेळ जाई. हजारो दीर्घिकांसाठी हे अशक्यच होते.

दुसरी अडचण माणसाच्या डोळ्याची. विखुरलेल्या ठिपक्यांतही डोळ्याला आकार दिसू लागतात. आज जो पुंजका समूह वाटतो, तो महिनाभराने वाटेलच असे नाही. एका निरीक्षकाची यादी दुसऱ्याच्या यादीशी जुळेलच याची खात्री नसते.

एबल यांनी कोणते नियम ठरवले?

एबल यांचे मोठे काम इथे दिसते. समूह कशाला म्हणायचे याच्या अटी त्यांनी स्पष्ट लिहून काढल्या आणि लाल प्रकाशाच्या ८७९ प्लेटवर त्या लावल्या.

पहिली अट सदस्यसंख्येची. समूहातील तिसऱ्या क्रमांकाची तेजस्वी दीर्घिका घ्यायची आणि तिच्यापासून दोन प्रती मंद, म्हणजे सुमारे सहापट अंधूक दीर्घिकांपर्यंत मोजणी करायची. त्या टप्प्यात किमान ५० दीर्घिका हव्यात. पहिली न घेता तिसरीच का? कारण सर्वांत तेजस्वी दिसणारी एखादी दीर्घिका समूहाची नसून वाटेत आलेली, जवळची असू शकते. तिसरीपर्यंत गेले की हा धोका कमी होतो.

दुसरी अट दाटीची. या दीर्घिका ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात असल्या पाहिजेत. या त्रिज्येला आज ‘एबल त्रिज्या’ म्हणतात. सध्याच्या मोजमापानुसार ती सुमारे ७० लाख प्रकाशवर्षे भरते. जवळच्या समूहासाठी प्लेटवरचे वर्तुळ मोठे, दूरच्यासाठी लहान. ताम्रसृती ०.१ असलेल्या समूहाचे वर्तुळ प्लेटवर जेमतेम तीन सेंटिमीटर व्यासाचे असे.

तिसरी अट अंतराची. समूह फार जवळ नको आणि फार दूरही नको. ताम्रसृतीच्या भाषेत ०.०२ ते ०.२, म्हणजे ढोबळमानाने २८ कोटी ते अडीचशे कोटी प्रकाशवर्षे. वर्णपट हाताशी नसताना अंतर कसे काढायचे? एबल यांनी समूहातील दहाव्या क्रमांकाच्या दीर्घिकेचे तेज मापक म्हणून वापरले. ज्या थोड्या समूहांची ताम्रसृती आधीच मोजलेली होती, त्यांच्याशी ताडून त्यांनी इतरांचे अंतर अंदाजले.

चौथी अट दिशेची. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात धूळ आणि तारे इतके दाट आहेत, की पलीकडचे नीट दिसत नाही. तो पट्टा त्यांनी वगळला.

शिवाय प्रत्येक मोजणीतून पार्श्वभूमी वजा केली जाई. समूहाबाहेरच्या मोकळ्या भागात तेवढ्याच जागेत किती दीर्घिका दिसतात, ते मोजायचे आणि तो आकडा वजा करायचा. उरलेल्या संख्येवरून समूहाची श्रीमंती ठरे. ५० ते ७९ दीर्घिका असतील तर पहिला वर्ग, ८० ते १२९ असतील तर दुसरा, असे करत पाचव्या वर्गापर्यंत. पाचव्या वर्गात, म्हणजे ३०० किंवा अधिक दीर्घिकांच्या वर्गात, संपूर्ण यादीतून एकच समूह बसला. तो म्हणजे ‘एबल ६६५’.

एकूण २,७१२ समूहांपैकी १,६८२ समूह सगळ्या अटी पूर्ण करणारे होते. उरलेले एबल यांनी लपवले नाहीत. पुढच्या अभ्यासकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांची नोंद ठेवली, पण आकडेवारीच्या निष्कर्षासाठी कोणते वापरायचे, हे वेगळे सांगितले.

सर्वांत जवळचा मोठा समूहच यादीत का नाही?

कन्या राशीच्या दिशेला असलेला कन्या समूह हा आपल्या सर्वांत जवळचा मोठा समूह. तो एबल यांच्या यादीत नाही. तो माहीत नव्हता असे नाही. मात्र तो इतका जवळ आहे, की आकाशात अनेक अंशांवर पसरलेला दिसतो आणि अंतराच्या अटीत बसत नाही. प्रसिद्ध आहे म्हणून त्याला आत घ्यायचे, तर नियमाला अर्थ उरला नसता. कोमा समूह मात्र ‘एबल १६५६’ या क्रमांकाने आणि ययाती तारकासमूहातील मोठा समूह ‘एबल ४२६’ म्हणून यादीत आहे.

झ्विकी यांच्याशी वाद कशावरून झाला?

यादी तयार झाल्यावर एबल यांनी पुढचा प्रश्न विचारला. दीर्घिकांचे समूह आकाशात कसेही विखुरले आहेत, की समूहांचेही समूह आहेत?

त्यांनी आकाशाचे चौकोनी कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्यात किती समूह येतात ते मोजले. कप्प्यांचा आकार बदलून हीच मोजणी पुन्हा पुन्हा केली. समूह कसेही विखुरले असते, तर कप्प्यांमधील संख्येत ठरावीक मर्यादेतच चढउतार दिसले असते. प्रत्यक्षात ते फार मोठे होते. काही कप्पे गच्च, तर काही जवळजवळ रिकामे.

यावर एक आक्षेप येऊ शकत होता. आपल्या आकाशगंगेतील धुळीने काही भाग झाकला गेला असेल, म्हणून तिथे समूह कमी दिसत असतील. एबल यांच्या आकड्यांत याचे उत्तर होते. धूळ हे कारण असते, तर जवळच्या आणि दूरच्या समूहांचे पुंजके आकाशात सारख्याच आकाराचे दिसले असते, कारण झाकणारा पडदा एकच. प्रत्यक्षात दूरच्या समूहांचे पुंजके लहान आणि जवळच्यांचे मोठे दिसत होते. खऱ्याखुऱ्या रचना वेगवेगळ्या अंतरावर असतील, तर असेच दिसायला हवे. समूहांचेही महासमूह आहेत, असा निष्कर्ष एबल यांनी काढला.

झ्विकी यांना हे मान्य नव्हते. समूह हीच सर्वांत मोठी रचना, त्यापलीकडे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ ते १९६८ या काळात सहा खंडांची स्वतंत्र सूची प्रसिद्ध केली. ती त्याच पालोमार प्लेटवरून केलेली होती, पण नियम वेगळा होता. दीर्घिकांची दाटी आजूबाजूच्या तुलनेत दुप्पट होते तिथे रेषा आखायची आणि आतील भाग समूह मानायचा. या सैल नियमामुळे त्यांच्या सूचीत नऊ हजारांहून अधिक समूह आले. एकाच आकाशाची, त्याच प्लेटवरून केलेली दोन माणसांची मोजणी इतकी वेगळी येऊ शकते, हे यातून दिसले.

वादाचा निकाल लागायला दोन दशके गेली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस हजारो दीर्घिकांची ताम्रसृती मोजली जाऊ लागली आणि विश्वाचे त्रिमितीय नकाशे तयार होऊ लागले. कोमा समूह आणि ‘एबल १३६७’ हे एकाच मोठ्या रचनेचे भाग असल्याचे दिसले. मधली प्रचंड रिकामी पोकळीही सापडली. १९८३ मध्ये नेटा बाकॉल आणि रेमंड सोनेरा यांनी एबल यांच्याच यादीतील १०४ समूह घेऊन ते एकमेकांजवळ ठळकपणे गोळा झाल्याचे आकडेवारीने दाखवले. महासमूहांबाबत एबल यांचे म्हणणे बरोबर ठरले. कृष्णद्रव्याबाबत झ्विकी बरोबर ठरले होते.

एबल यांचे इतर काम कोणते?

लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले आणि खगोलशास्त्र विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. १९६४ मध्ये आलेले त्यांचे ‘एक्स्प्लोरेशन ऑफ द युनिव्हर्स’ हे पाठ्यपुस्तक अमेरिकेतील महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरले गेले. शालेय विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्नियातील ओहाय येथे होणाऱ्या उन्हाळी विज्ञान शिबिरात ते अनेक वर्षे शिकवायला जात.

१९६६ मध्ये त्यांनी पालोमार प्लेटवरील ८६ ग्रहीय तेजोमेघांची यादी प्रसिद्ध केली. म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेले वायूचे कवच म्हणजे ग्रहीय तेजोमेघ. हे तेजोमेघ लाल राक्षसी ताऱ्यांपासून तयार होतात, हे त्यांनी पीटर गोल्डराईश यांच्यासोबत त्याच वर्षी मांडले. त्यामुळे ‘एबल ३९’ असे नाव दिसले, तर ते समूहाचे की तेजोमेघाचे, हे संदर्भावरून पाहावे लागते.

फलज्योतिषाच्या दाव्यांची तपासणी हा त्यांच्या आवडीचा दुसरा विषय. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या चिकित्सक समितीच्या संस्थापकांत ते होते. जन्मवेळी मंगळ ठरावीक जागी असेल तर माणूस मोठा खेळाडू होतो, असा दावा फ्रान्सचे मिशेल गोकलँ करत. एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आकडेवारीने तपासला. या तपासणीच्या पद्धतीवर टीका झाली. तेव्हा १९८३ मध्ये एबल आणि सहकाऱ्यांनी आपल्याच कामाचा फेरआढावा घेऊन त्यातील चुका जाहीरपणे मान्य केल्या. विरोधकाच्या आकड्यांना लावलेला नियम स्वतःच्या आकड्यांनाही लावला.

अर्धवट राहिलेले काम कोणी पूर्ण केले?

पालोमारहून दक्षिण आकाशाचा मोठा भाग दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील ब्रिटिश श्मिट दुर्बिणीच्या प्लेट मिळू लागल्यावर एबल यांनी हॅरॉल्ड कॉर्विन यांच्यासोबत उरलेली खानेसुमारी हाती घेतली. मात्र ७ ऑक्टोबर १९८३ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी एबल यांचे निधन झाले. कॉर्विन आणि रोनाल्ड ओलोविन यांनी काम पूर्ण केले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत दक्षिणेकडील १,३६१ समूहांची भर पडली आणि एकूण संख्या ४,०७३ झाली. यादीवर पहिले नाव एबल यांचेच ठेवले गेले.

या यादीत उणिवा कोणत्या?

घाटातल्या दिव्यांची अडचण एबल यांच्या नियमांनी कमी केली, पण संपली नाही. १९८०च्या दशकात ताम्रसृती मोजल्यावर काही समूह हे एका रेषेत आलेल्या लहान गटांचे मिश्रण असल्याचे दिसले. आधीच गर्दी असलेल्या भागात डोळ्याला आणखी समूह दिसण्याची प्रवृत्तीही लक्षात आली. नियम लिखित असल्यामुळे ही चूक कुठे आणि किती, हे इतरांना तपासता आले.

आज समूह कसे शोधतात?

पहिली पद्धत रंगाची. समूहातील जुन्या दीर्घिका जवळपास एकाच लाल छटेच्या असतात आणि ती छटा अंतरानुसार बदलते. संगणक एकाच छटेच्या दीर्घिकांची दाटी शोधतो, त्यामुळे पुढच्या-मागच्या दीर्घिका आपोआप गाळल्या जातात. ‘स्लोन’ सर्वेक्षणाच्या माहितीतून अशा पद्धतीने सुमारे २५ हजार समूह सापडले.

दुसरी पद्धत क्ष-किरणांची. समूहातील दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू असतो आणि तो क्ष-किरण सोडतो. योगायोगाने एका रेषेत आलेल्या दीर्घिकांमध्ये असा वायू नसतो. ‘ई-रोझिटा’ या अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातून २०२४ मध्ये १२ हजारांहून अधिक समूहांची यादी आली.

तिसरी पद्धत सूक्ष्मलहरींची. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाश या तप्त वायूतून जाताना किंचित बदलतो. ‘प्लांक’ उपग्रहाने त्या खुणेवरून १,६५३ नोंदी केल्या.

तिन्ही पद्धतींत एबल यांचेच प्रश्न विचारावे लागतात. किमान किती दाटी हवी, किती त्रिज्येत, कोणत्या अंतरापर्यंत आणि पार्श्वभूमी किती वजा करायची? संगणकाचा प्रोग्रॅम आधी कृत्रिम आकाशावर चालवून तो किती खरे समूह चुकवतो आणि किती खोटे दाखवतो, हेही तपासले जाते.

पुण्याशी संबंध काय?

जुलै २०१७ मध्ये पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह मीन राशीच्या दिशेला एक महासमूह सापडल्याचे जाहीर केले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक आहे. ‘स्लोन’ सर्वेक्षणाच्या माहितीतून सापडलेल्या या महासमूहाला ‘सरस्वती’ हे नाव देण्यात आले.

‘सरस्वती’च्या गाभ्याशी असलेल्या सर्वांत जड समूहाचा क्रमांक आहे ‘एबल २६३१’. भिंगाखाली प्लेट ठेवून एबल यांनी त्याची नोंद केली होती. त्याच महासमूहातील दुसऱ्या मोठ्या समूहाला झ्विकी यांच्या सूचीतला क्रमांक आहे. महासमूह असतात की नाही यावर आयुष्यभर मतभेद राहिलेल्या दोघांच्या नोंदी एकाच महासमूहाच्या नकाशावर शेजारी आहेत. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीनेही ‘एबल ६९७’सारख्या अनेक समूहांतून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास केला आहे.

युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीण आणि चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा यांच्याकडून येत्या काळात समूहांची संख्या लाखांत जाण्याची अपेक्षा आहे. त्या यादीतील अनेक जवळचे, मोठे समूह मात्र पुढेही एबल यांनी दिलेल्या क्रमांकानेच ओळखले जातील.